टॉर्टिया: पाकिटातला, चुन्यातल्या मक्याचा, की आपली कडक भाकरी?

घरच्या घरी झटपट आणि पोटाला जड न होणारे मेक्सिकन जेवण करायला शिकायचे ठरवले, की राजमा, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर, लिंबू यांची चिंता आपल्याकडे कोणालाच करावी लागत नाही. ते सगळे लक्ष्मी मंडईत एका फेरीत पिशवीत पडते. खरा प्रश्न असतो तो हे सगळे कशावर वाढायचे हा. त्याची तीन उत्तरे मी गेल्या दीड वर्षात स्वतःच्या स्वयंपाकघरात पाळीपाळीने वापरून पाहिली आहेत: दुकानातून आणलेले गव्हाचे टॉर्टिया (म्हणजे चपातीसारख्या पातळ मेक्सिकन पोळ्या), चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचे घरी केलेले टॉर्टिया, आणि सोलापुरात राहणाऱ्याला आयती मिळणारी ज्वारीची कडक भाकरी. नव्याने शिकणाऱ्याने यांपैकी कोणती वाट धरावी याबद्दल माझे एक मत झाले आहे. पण ते माझ्या घराच्या वेळापत्रकातून झालेले आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

ते वेळापत्रक असे. मंगळवारी आणि गुरुवारी पत्नीच्या शिकवण्या रात्री आठपर्यंत चालतात, त्यामुळे त्या दोन दिवशी रात्रीचे जेवण माझ्याकडे असते. सात रस्त्याजवळच्या कार्यालयातून जुळे सोलापुरातल्या घरी पोहोचायला मला सात वाजतात आणि सव्वाआठला ताटे मांडलेली असावीत अशी अपेक्षा असते. जेवणारे चौघे: आम्ही दोघे, महाविद्यालयात शिकणारी मुलगी आणि आई. मेक्सिकन पदार्थांची हौस मुलीची, मैदा आणि चीज बेताचेच असावे ही अट पत्नीची; आईची अडचण वेगळी होती, तिच्याकडे शेवटी येतो.

पाकिटातल्या टॉर्टियाला नावे ठेवणे सोपे आहे, म्हणून आधी त्याची बाजू मांडतो. गव्हाचा टॉर्टिया मेक्सिकन नव्हेच, असे ऐटीत सांगणारे लोक भेटतात. त्यांचे म्हणणे बरोबर नाही. मेक्सिकोच्या उत्तर भागात, विशेषतः सोनोरा राज्यात, स्पॅनिश लोकांबरोबर आलेला गहू चांगला रुजला आणि तिथे गव्हाचे पातळ टॉर्टिया रोजच्या जेवणात असतात. सारण भरून गुंडाळलेल्या टॉर्टियाचा बुरिटोही त्याच पट्ट्यातला. पाकीट उघडावे, तवा तापवावा, दोन्ही बाजूंनी वीस-वीस सेकंद शेकावे की काम झाले, आणि कितीही सारण भरले तरी घडी घालताना तो तुटत नाही, हा त्याचा मोठा गुण. पहिल्याच दिवशी यश पदरात पडावे असे वाटणाऱ्याला याहून सोपी वाट नाही. माझ्या मुलीने केलेला पहिला बुरिटो याच टॉर्टियात गुंडाळलेला होता आणि तो दिसायलाही चांगला झाला होता.

तब्येतीचा विचार करणाऱ्याने मात्र पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचावीत. मी आणलेल्या तिन्ही प्रकारच्या पाकिटांवर पहिला घटक मैदा होता, त्यामागोमाग तेल, मीठ, आणि टॉर्टिया मऊ राहावा व त्याला बुरशी धरू नये म्हणून घातलेले पदार्थ. कोणी विचारेल, मग आपली पातळ चपाती काय वाईट? ती करून पाहिली आणि चवीला ती पाकिटापेक्षा सरसच लागली. पण राजमा आणि चपाती एका ताटात आली की त्या जेवणाचा तोंडवळाच बदलतो. “बाबा, ही राजमा-चपाती झाली,” असे मुलीने सांगितले आणि तो विषय तिथेच संपला. दुकानात त्याच फळीवर मिळणारे, अर्धगोल वाकवलेले कुरकुरीत टाको ही अमेरिकेत रूढ झालेली सोय आहे. पहिल्या घासाला ते दुभंगतात आणि सारण ताटात सांडते, यापलीकडे त्यांच्याबद्दल सांगण्यासारखे माझ्यापाशी काही नाही.

आता ज्या गोष्टीमुळे माझा निर्णय झाला ती सांगतो. ती इतकी किरकोळ आहे की कोणत्याही तुलनेच्या तक्त्यात तिला रकाना मिळणार नाही. पाकिटात दहा टॉर्टिया असतात. आई ते खात नाही, म्हणजे खाणारे तिघे. प्रत्येकी दोन धरले तर सहा लागतात आणि चार उरतात. उघडलेले पाकीट तीन-चार दिवसांत संपवावे असे त्यावरच लिहिलेले असते, आणि मे महिन्यातल्या सोलापुरात ते फळीवर ठेवण्याचे धाडस मी एकदाच केले: तिसऱ्या दिवशी सकाळी वरच्या टॉर्टियावर मोहरीएवढे तीन हिरवट ठिपके होते. फ्रीजमध्ये ठेवले तर कडा वाळून कागदासारख्या झाल्या. मग ते गोठवायच्या कप्प्यात ठेवले. पुढच्या मंगळवारी सात वाजून दहा मिनिटांनी बाहेर काढले तेव्हा चौघांची मिळून एकच जाड चकती झालेली होती. सुरीचे पाते आत सरकवून मी एकेक सुटा करायला गेलो, तर पहिला मधोमध चिरला, दुसऱ्याच्या कडेचा मोठा तुकडा तिसऱ्यालाच चिकटून राहिला, आणि चौथा तेवढा धड निघाला. कुकरची शिट्टी होत होती, पत्नी यायला पाऊण तास होता आणि मी ओट्याशी उभा राहून गोठलेल्या मैद्याचे थर सोलत होतो.

त्यांच्यामध्ये बटर पेपरचे तुकडे घालून ठेवावेत हे मला नंतर कळले आणि मी ते केलेही; त्याने चिकटणे थांबले, पण शिल्लक थांबली नाही. मंगळवारी उरलेले चार गुरुवारी तिघांना पुरत नाहीत, म्हणून दुसरे पाकीट उघडायचे, की गुरुवारी रात्री पुन्हा आठ शिल्लक. शनिवारी घरात पिठले-भात असला तरी ते आठ टॉर्टिया माझ्या मनातून हलत नसत. सुमारे तीन महिने आमच्याकडे मेक्सिकन जेवणाचा दिवस पाकिटातली शिल्लक मोजून ठरत असे, आणि ज्या मुलीच्या हौसेसाठी हा खटाटोप सुरू केला तीच एका गुरुवारी “आज साधी आमटी कर ना” म्हणाली. दहाच्या दहा एका बैठकीत संपवणारे कुटुंब असेल तर त्यांना ही अडचण कधी जाणवणारही नाही, आणि त्यांनी माझ्या या गाऱ्हाण्याकडे खुशाल दुर्लक्ष करावे.

दुसरी वाट मक्याची. चवीचा निकाल लावायचा असेल तर तो इथे लागतो, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. सुरुवातीला मी एक चूक केली, जी बहुतेक जण करत असावेत: चक्कीवरून साधे मक्याचे पीठ दळून आणले, गरम पाण्यात मळले आणि टॉर्टिया लाटायला गेलो. मक्याची भाकरी थापणाऱ्या कोणालाही पुढचे सांगायला नको. कडा फाटल्या, उलटताना मधून तडा गेला, आणि जो एक अख्खा उतरला तो घडी घालताच दोन झाला. साध्या मक्याच्या पिठाला चिकटपणा नसतो. तो येतो चुन्याने. मेक्सिकोत वाळलेला मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसाच मुरू देतात, मग चोळून धुतात आणि ओलाच वाटतात. अशा मक्याला तिकडे निश्तमाल म्हणतात. या शब्दात राख या अर्थाचा, मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांच्या नाहुआत्ल भाषेतला शब्द दडलेला आहे, कारण चुन्याऐवजी लाकडाची राख वापरण्याचीही रीत होती.

चुन्याने मक्याचे साल सुटते आणि पिठाला लवचीकपणा येतो, हे हाताला लगेच कळते. जे हाताला कळत नाही ते अधिक महत्त्वाचे आहे. मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व अशा रूपात बांधलेले असते की आपल्या शरीराला ते नीट घेता येत नाही, आणि चुन्याच्या पाण्यात ते मोकळे होते. युरोपीय लोकांनी अमेरिकेतून मका नेला, पण चुन्याची रीत बरोबर नेली नाही. पुढे इटलीच्या उत्तर भागात आणि नंतर अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत जिथे गरिबांचे पोट मक्यावरच भरत होते, तिथे नायसिनच्या अभावी होणारा पेलाग्रा हा रोग पसरला. मेक्सिकोतल्या मका खाणाऱ्या गावांना मात्र त्याची तशी झळ लागली नाही. युनेस्कोने 2010 साली पारंपरिक मेक्सिकन पाककलेचा मानवजातीच्या अमूर्त वारशात समावेश केला, तेव्हा या चुन्याच्या प्रक्रियेचा त्यात आवर्जून उल्लेख होता, आणि मला तो अगदी योग्य वाटतो.

करायची रीत अवघड नाही, फक्त लांब आहे. अर्धा किलो वाळलेला मका, दीड लिटर पाणी आणि चहाचा एक चमचा भरून खाण्याचा ओला चुना. भिंतीचा चुना चुकूनही वापरू नये आणि भांडे ॲल्युमिनियमचे नसावे, कारण चुना त्याला खातो. पानपट्टीवर मी चुन्याची मोठी डबी मागितली तेव्हा त्याने माझ्या पांढऱ्या दातांकडे पाहून “साहेब, कधीपासून?” असे विचारले होते. मका मंद आचेवर चाळीसेक मिनिटे उकळून झाकून ठेवावा. सकाळी पाणी पिवळेधमक झालेले असते आणि दाणा चिमटीत धरून चोळला की साल पातळ जेलीसारखे हातात येते. इथवर सगळे आनंदाचे आहे.

अडचण सुरू होते ती वाटण्यापाशी. ओला दाणा चक्कीवाला घेत नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण जात्याच्या दगडाला तो लिंपून बसतो. मिक्सरमध्ये पाणी घातल्याशिवाय पाते फिरत नाही आणि पाणी घातले की पीठ सैल होते. पूर्व भागात राहणाऱ्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या एका सहकाऱ्याने आपला इडलीचा ग्राइंडर दोन दिवस वापरायला दिला, तेव्हा कुठे पहिल्यांदा घट्ट, मऊ, बोटांना न चिकटणारा गोळा मिळाला. मेक्सिकोत हेच काम पूर्वी मेतातेवर होत असे, म्हणजे आपल्या पाट्यावर. फरक इतकाच की त्यांच्या पाट्याला तीन पाय असतात. मी आणखी एक प्रयोग केला तो असा, की शिजवून धुतलेला मका गच्चीवर दोन दिवस कडकडीत वाळवला आणि मग चक्कीवर नेला. सोलापूरच्या उन्हाचा असा उपयोग होतो याचे मला समाधान वाटले, चक्कीवाल्याने पिठाचा वास घेऊन “याला चुना कशाला लावलाय?” असे विचारले, तरी दळून दिले. ते पीठ डब्यात महिनाभर चांगले राहिले आणि गरम पाण्यात मळून अर्धा तास झाकून ठेवले की टॉर्टिया चांगले होतात, ग्राइंडरच्या ओल्या पिठाइतके मात्र नाहीत.

पुऱ्या दाबायचा साचा यासाठी अगदी नेमका उपयोगी पडतो. दुधाची पिशवी कापून त्याच्या दोन्ही बाजूंना लावावी, लिंबापेक्षा थोडा लहान गोळा मध्ये ठेवून दाबावा आणि कोरड्या, चांगल्या तापलेल्या लोखंडी तव्यावर टाकावा. एक बाजू अर्धा मिनिट, दुसरी एक मिनिट, आणि पुन्हा पहिल्या बाजूवर उलटला की तो फुलक्यासारखा फुगतो. तेव्हा जो वास सुटतो तो भाजलेल्या कणसाचा असतो, पण त्याच्या मागे काहीतरी खनिज, ओल्या दगडासारखे असते, आणि त्या वासापुढे पाकिटाचा टॉर्टिया किंवा आमची भाकरी यांपैकी काहीही टिकत नाही. मी हे पक्षपाताविना लिहितो आहे.

तरीही मी मक्याचा टॉर्टिया महिन्यातून एखाद्या रविवारीच करतो. गुरुवारी रात्री खायचा तर बुधवारी संध्याकाळी मका शिजायला लागला पाहिजे, आणि बुधवारी संध्याकाळी मला गुरुवारची आठवण नसते. वाळवलेले पीठ तयार असले तरी बारा-पंधरा टॉर्टिया दाबून शेकायला पस्तीस-चाळीस मिनिटे जातात आणि तेवढ्यात राजम्याकडे, साल्साकडे (म्हणजे टोमॅटो-मिरचीच्या चटणीकडे) पाहायला हात मोकळा राहत नाही. झटपट या शब्दाशी याचा मेळ बसत नाही. खरे तर मेक्सिकोतल्या शहरांमध्येही घरोघरी रोज हे कोणी करत बसत नाही. गल्लीत टॉर्टियेरिया असते, तिथून वजनावर गरम टॉर्टिया घेऊन, कागदात किंवा फडक्यात गुंडाळून लोक घरी जातात. भाकरी विकत आणणारे शहर म्हणून सोलापूरला त्यात नवल वाटू नये.

आणि याच विचारातून मी कडक भाकरीपाशी आलो. बाहेरगावच्या वाचकासाठी थोडक्यात सांगायचे तर ही ज्वारीची, नेहमीपेक्षा पातळ थापलेली भाकरी मंद आचेवर पूर्ण ओल जाईपर्यंत शेकतात. ती पापडासारखी कडक होते आणि डब्यात कित्येक आठवडे टिकते. आमच्या मागच्या गल्लीतल्या, घरी कन्नड बोलणाऱ्या एक अक्का त्या करून देतात. शेकताना त्या भाकरीवर फडक्याची पुरचुंडी फिरवत राहतात, म्हणजे ती फुगून वेडीवाकडी न होता सपाट राहते, आणि पूर्ण झाली की नखाने टिचकी मारून पाहतात; आवाज पोकळ आला नाही तर पुन्हा तव्याच्या कडेला उभी करतात. मी त्यांना मेक्सिकन जेवणासाठी वीस भाकरी हव्यात असे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, “दह्याशी खाणार का आमटीत चुरणार?” राजमा घालून, असे म्हटल्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “घाला की. पण शेजारी शेंगाचटणी ठेवा, नाहीतर गिळायचं कसं?”

शिळे टॉर्टिया कडक करून त्यांवर राजम्याचा लेप, भाजी, साल्सा वाढणे हा मेक्सिकोतला रोजचा पदार्थ आहे. त्याला टोस्टाडा म्हणतात. म्हणजे कडक भाकरी वापरणे हा मी लावलेला जुगाड नसून त्यांच्याच एका रीतीला आपले धान्य लावणे आहे, असे मी स्वतःला समजावतो. मेक्सिकोत ज्वारी पुष्कळ पिकते, पण ती मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठी. आमच्याकडची मालदांडी एखाद्या मेक्सिकन माणसाला खाऊ घालून त्याचे मत विचारावे असे मला फार वाटते. अक्कांच्या शेंगाचटणीचेही तसेच: लाल मिरची, लसूण आणि शेंगदाणे तेलात परतून वाटलेली साल्सा माचा मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ राज्याकडे करतात, ती आपल्या चटणीची तेलात भिजलेली बहीण शोभेल. शेंगदाणा मुळात दक्षिण अमेरिकेतला आणि मिरची मेक्सिकोकडची, तेव्हा हे नाते अगदीच ओढूनताणून आणलेले नाही.

इथे ज्वारीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर वरचा पेलाग्राचा परिच्छेद एकतर्फी ठरेल. 1960 च्या सुमारास हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनमधल्या, जवळजवळ केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरीब लोकांतही पेलाग्रा नोंदवला होता आणि त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाशी लावला होता. पुढे त्या कारणावर बरीच चर्चा झाली. आठवड्यातून दोनदा राजमा, पनीर आणि भाज्या घालून भाकरी खाणाऱ्या घराला त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही, आणि शेंगदाण्यात नायसिन भरपूर असते, म्हणून अक्कांचा सल्ला मी चवीपलीकडेही मानतो.

मला निर्णायक ठरला तो मात्र भाकरीचा डबा. वीस भाकऱ्या पत्र्याच्या डब्यात उभ्या असतात. मंगळवारी पाच काढल्या तर पंधरा राहतात आणि त्या पंधरांना कसलीही घाई नसते. पुढच्या गुरुवारी करायचे की पुढच्या महिन्यात, हे आमचे आम्ही ठरवतो. फ्रीजमधली जागा अडत नाही, सुरी लागत नाही, तवासुद्धा लागत नाही, त्यामुळे त्या तासाभरात शेगडीच्या दोन्ही बाजू राजमा आणि साल्सासाठी मोकळ्या राहतात. खरे शिकणे तिथेच आहे.

तिच्या उणिवाही लपवू नयेत. कडक भाकरीची घडी होत नाही, त्यामुळे टाको, बुरिटो, केसादिया हे सगळे तिच्या हद्दीबाहेर. ज्याच्या मनात मेक्सिकन म्हणजे गुंडाळलेले काहीतरी असेच चित्र आहे, त्याची निराशा होईल. अख्खी उचलून घास घेतला तर ती कुठूनही फुटते, म्हणून आधीच चार तुकडे करावेत. ओल्या साल्साने ती पाच मिनिटांत मऊ पडते. त्याला उपाय म्हणजे राजमा आटवून घट्ट करणे, त्याचा लेप आधी सारवणे आणि साल्सा ताटात बसल्यावर आपापल्या हाताने घेणे.

वर काय घालायचे ते तिन्ही वाटांना सारखेच आहे, म्हणून थोडक्यात. राजमा, आणि मेक्सिकोतला काळा किंवा ठिपक्यांचा बीन, या एकाच जातीच्या वेलीच्या शेंगा आहेत, तेव्हा राजमा वापरताना अपराधी वाटून घेऊ नये. रात्री भिजवून, ते पाणी टाकून, कुकरला चांगला मऊ शिजवावा, कच्चट राहिलेला राजमा पोटाला खरोखर बाधतो. शिजलेला राजमा थोड्या तेलात कांद्यावर घोटून आटवला की रेफ्रितोस झाले. नावावरून ते दोनदा तळायचे असावेत असे वाटते, प्रत्यक्षात अर्थ ‘चांगले परतलेले’ असा आहे. साल्सासाठी तीन टोमॅटो, एक कांदा, न सोललेला लसूण आणि दोन मिरच्या कोरड्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजाव्यात, वांग्याच्या भरताला भाजतो त्याच धीराने, आणि खलबत्त्यात मीठ घालून भरड ठेचाव्यात. सुक्या मिरचीत ब्याडगी चांगली, रंग देते आणि जीभ भाजत नाही. पनीर हाताने कुस्करून मीठ लावले की त्यांच्या ताज्या चीजच्या जवळ जाते. ॲव्होकाडो महाग आणि बेभरवशाचा, एक दिवस दगड तर दुसऱ्या दिवशी आतून काळा. मी तो सहसा आणत नाही. हिरव्या साल्साला लागणारा तोमातियो मंडईत मिळत नाही, आणि कच्चा टोमॅटो ही त्याची जागा नव्हे, तो रसभरीच्या कुळातला आहे.

यात सर्वांत अवघड काय, असे मला कोणी विचारले तर मी फोडणी न करणे असे उत्तर देईन. तेल तापले की आपला हात आपोआप मोहरीच्या डब्याकडे जातो, मग हिंग, मग हळद, आणि दहा मिनिटांत राजम्याची उसळ तयार होते. पहिले चार-पाच मंगळवार माझे असेच गेले. जिऱ्याचेही तसेच: पाकिटाबरोबर मिळणाऱ्या मसाल्याच्या पुडीत जिरे, तिखट, लसणाची पूड आणि मीठ असते, जिऱ्याचा तो जोर टेक्सासकडच्या स्वयंपाकाचा आहे आणि आपल्या घरात तो पडला की जेवण थेट आमटीच्या वळणावर जाते. मी मोहरी-हळदीचा पाळ्याचा डबाच त्या तासापुरता वरच्या फळीवर ठेवू लागलो, तेव्हा भाजलेल्या टोमॅटोची आणि मिरचीची चव पहिल्यांदा स्वतंत्रपणे लक्षात आली.

तेव्हा ज्याच्याकडे घरात पाच-सहा खाणारी मंडळी आहेत, ज्याला पार्टीला बुरिटो करायचे आहेत आणि मैद्याचे फारसे वावडे नाही, त्याने पाकीट आणावे. उरलेच तर मध्ये कागद घालून गोठवावेत. ज्याच्याकडे ग्राइंडर आहे, रविवार मोकळा आहे आणि मुळाशी जाऊन शिकायची ओढ आहे, त्याने चुन्याची डबी आणावी, त्याला पस्तावा होणार नाही. पण नोकरीवरून सातला घरी येऊन आठच्या सुमारास ताट वाढायचे असेल आणि राहणे सोलापुरात किंवा आसपास असेल, तर डब्यात भाकऱ्या असू द्याव्यात असे मी नम्रपणे सुचवीन. निदान पहिले सहा महिने.

राहता राहिली आई. तिची अडचण कवळीची: कडक भाकरी तिला चावत नाही आणि आमच्या ताटात भाकरीचा आवाज सुरू झाला की ती मुकाट्याने भाताकडे वळत असे. याचे उत्तरही मेक्सिकोतच सापडले. टोस्टाडाचे किंवा शिळ्या टॉर्टियाचे तुकडे गरम साल्सात टाकून किंचित मऊ होईपर्यंत परततात, त्याला चिलाकिलेस म्हणतात, आणि तो सकाळच्या न्याहारीचा पदार्थ आहे. एका गुरुवारी मी दोन भाकऱ्या हाताने मोडल्या, उरलेला साल्सा पातळ करून उकळला, तुकडे त्यात घातले, वर कुस्करलेले पनीर आणि चिरलेली कोथिंबीर पसरली आणि वाटी आईसमोर ठेवली. तिने दोन घास खाल्ले, चमच्याने तळापर्यंत ढवळून पाहिले आणि म्हणाली, “अरे, हा तर भाकरीचा कालाच आहे की. चांगला झालाय. फोडणी तेवढी विसरलास.”